पुण्या-मुंबईची गाडी बर्फात नेण्याआधी

पुण्याहून चंदीगड सतराशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून शिमला, रामपूर, किन्नौर करत स्पितीतल्या काझाला पोचेपर्यंत पाचवा-सहावा दिवस उजाडतो. घरून निघताना पहाटेचा पारा बारा-पंधरा अंशांवर असतो, काझात जानेवारीत तो उणे वीसच्याही खाली जातो. मनाली, कल्पा, गुलमर्ग या बाजूला थंडी त्या मानाने सौम्य, म्हणजे शून्य ते उणे दहा. तयारी मात्र उणे पंचवीस धरूनच करावी. कामं तीच असतात, फक्त कूलंट आणि वॉशरच्या मिश्रणातलं प्रमाण बदलतं.

थंडीत गाडीचं जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं पाण्याच्या वाटेने बिघडतं. रेडिएटरमध्ये वेळोवेळी ओतलेलं नळाचं पाणी, वॉशरच्या टाकीतलं पाणी, डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी, दाराच्या रबरात आणि हँडब्रेकच्या केबलमध्ये शिरलेलं पाणी. महाराष्ट्रात यातलं काहीच त्रास देत नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्याकडे कोणी बघत नाही. निघण्याआधी तीन आठवडे हाताशी ठेवा आणि गाडीत पाणी कुठे कुठे आहे ते शोधायला लागा.

कूलंट: रंगावर जाऊ नका

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. इंजिनाच्या आत त्याला फुगायला जागा नसते. मग रेडिएटर फुटतो, ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे कोअर प्लग बाहेर ढकलले जातात, आणि नशीब फारच वाईट असेल तर ब्लॉकच तडकतो. हे रात्री घडतं आणि कळतं सकाळी इंजिन तापून बर्फ वितळल्यावर, गाडीखाली थारोळं दिसतं तेव्हा.

पाणी गोठू नये म्हणून कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, इथिलीन ग्लायकॉल असतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. ग्लायकॉल ४० टक्के असेल तर उणे २४-२५, एक तृतीयांश असेल तर उणे १७-१८. जास्त घातलं की जास्त चांगलं, असंही नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १२-१३ अंशांनाच गोठतं आणि ते पाण्याइतकी उष्णताही वाहून नेत नाही. साठ टक्क्यांच्या वर जाऊ नये.

आपल्याकडची खरी अडचण अशी की दुकानात ‘रेडी टू यूज’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या डब्यांत निम्मं ग्लायकॉल नसतं. काहींवर बारीक अक्षरांत ३०:७० लिहिलेलं असतं, काही त्याहून पातळ असतात. उष्ण प्रदेशात गंज रोखण्यापुरतं ते चालून जातं. त्यात गॅरेजमध्ये दर सर्व्हिसिंगला अर्धा लिटर साधं पाणी टॉप-अप झालेलं असतं. टाकीत हिरवं किंवा गुलाबी दिसतंय म्हणून निश्चिंत राहू नका, कारण रंग फार थोड्या डायमध्येही तसाच गडद दिसतो.

मोजायचं साधन म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. हजार-दीड हजारात ऑनलाइन मिळतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमधला एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, मिश्रण किती अंशांना गोठेल ते पट्टीवर थेट वाचता येतं. इथिलीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, त्यामुळे डब्यावर काय लिहिलंय ते बघून योग्य ती पट्टी वाचा.

समजा कूलिंग सिस्टिम सहा लिटरची आहे आणि ग्लायकॉल निघालं २५ टक्के. सगळं काढायची गरज नाही. दोन लिटर काढा आणि दोन लिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे न मिसळलेलं कूलंट, भरा. उरलेल्या चार लिटरमध्ये एक लिटर ग्लायकॉल होतंच, वर दोन आलं, झालं तीन, म्हणजे निम्मं. छोट्या हॅचबॅकमध्ये चार-पाच लिटर मावतं, मोठ्या एसयूव्हीत सात ते नऊ. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

पूर्ण फ्लश करणार असाल तर एक चूक हमखास होते. साध्या पाण्याने धुतल्यावर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये (हीटरमधला छोटा रेडिएटर) लिटर-दोन लिटर पाणी राहतंच, ते खालचा पाइप काढूनही निघत नाही. त्यावर ५०:५० तयार मिश्रण ओतलं की प्रत्यक्षात ३५-४० टक्केच भरतं. त्याऐवजी सिस्टिमच्या एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर नवं कूलंट हीटरच्या कोअरपर्यंत पोचत नाही. हवा निघाली की पातळी खाली जाते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा बघा आणि रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा लावा. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकमेकांत मिसळू नका, काहींची पेज होऊन बसते. आणि गरम इंजिनाची कॅप उघडू नये, हे माहीत असूनही लोक उघडतात म्हणून लिहिलं.

थर्मोस्टॅट जागेवर आहे का?

गाडी एकदा तापली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकतात आणि गाडी ‘थंड चालते’ म्हणून मालकही खूश होतो. बर्फात हीच गाडी तासभर चालूनही तापत नाही. काटा तळाशीच राहतो, हीटरमधून कोमट हवा येते, डिझेल जास्त जळतं. सोपी परीक्षा: थंड इंजिन सुरू करून वरच्या रेडिएटर पाइपला हात लावा. पाइप बराच वेळ थंड राहून मग एकदम तापायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय.

हीटरचं बटण तर आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणी फिरवलेलंच नसतं. आतली झडप अडकलेली असू शकते, कोअर गाळाने तुंबलेला असू शकतो. इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपा. एक गरम आणि एक गार म्हणजे कोअर तुंबलाय. हे काम पुण्यातच करा. पुष्कळ गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मनालीत ऐन हंगामात ते कोणी करून देणार नाही.

डिझेल का थिजतं

पेट्रोलवाल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं. तापमान उतरलं की आधी त्याचे स्फटिक दिसू लागतात, मग ते फिल्टरच्या कागदावर बसतात आणि शेवटी सगळं डिझेलच तुपासारखं थिजतं. गाडी अडते ती मधल्या टप्प्यावर. भारतीय मानकाप्रमाणे साध्या डिझेलचा फिल्टर तुंबण्याचा बिंदू हिवाळ्यात कमाल ६ अंश आणि उन्हाळ्यात कमाल १८ अंश असू शकतो. प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल याहून बरं निघतं, पण उणे दहाला ते टिकेल याची हमी कोणी देत नाही.

लक्षण ओळखून ठेवा. सकाळी गाडी नेहमीसारखी सुरू होते, दोन-पाच मिनिटं चालते, मग जोर जातो आणि बंद पडते. पाइपात आणि पंपात उरलेल्या डिझेलवर ती तेवढी चाललेली असते. अशा वेळी सेल्फ मारत राहिलात तर बॅटरी उतरते आणि पंप कोरडा चालतो. फिल्टर गरम करणं हाच उपाय: फिल्टरवर कापड गुंडाळून त्यावर थोडं थोडं गरम पाणी ओतायचं (वायरिंग वाचवून), किंवा ऊन पडेपर्यंत थांबायचं. डोंगरात काही जण टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ ठेवतात. तुमच्या गाडीची टाकी बहुधा प्लास्टिकची आहे, एवढंच सांगतो.

टाळण्यासाठी काय करायचं? खालून भरलेली टाकी वर नेऊ नका. वर चढेपर्यंत टाकी शक्य तितकी रिकामी करत न्या आणि थंड भागातल्या पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहतं. इतर ठिकाणी पंपावर स्पष्ट विचारा आणि तिथले टेम्पोवाले कुठे भरतात ते बघा. जोडीला अँटी-जेल मिश्रण ठेवा. ते डिझेल पातळ असतानाच, टाकी भरायच्या आधी ओतायचं, म्हणजे नीट मिसळतं. एकदा मेण धरल्यावर ते ओतून काही होत नाही. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला बीएस-६ गाडीत पाळू नका. त्याने डिझेलचा वंगणपणा कमी होतो आणि कॉमन रेलचे, म्हणजे जास्त दाबाच्या इंधन यंत्रणेचे, पंप-इंजेक्टर घासतात. तो खर्च अख्ख्या सहलीपेक्षा मोठा असतो.

निघण्याआधी डिझेल फिल्टर नवा टाका आणि तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढायची रीत मेकॅनिककडून बघून घ्या. हे पाणी फिल्टरमध्येच गोठलं तर अँटी-जेलचा काही उपयोग नाही. रात्री टाकी भरलेली ठेवली की रिकाम्या जागेत दव धरत नाही.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांत एक्झॉस्टसाठी वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण असतं. ते उणे ११ अंशांना गोठतं. घाबरू नका, टाकीत हीटर असतो आणि द्रावण गोठलेलं असतानाही इंजिन सुरू होतं. फक्त ती टाकी काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा. सुटा कॅन डिकीत नेत असाल तर रात्री खोलीत न्या.

सीएनजीवाल्यांसाठी: हिमाचलच्या वरच्या भागात गॅस मिळणार नाही हे धरूनच चला. म्हणजे एरवी दुर्लक्षित असलेली पेट्रोलची बाजू आता मुख्य होणार. निघण्याआधी आठवडाभर गाडी फक्त पेट्रोलवर चालवून बघा. इंजेक्टर चिकटले असतील तर ते घरीच कळेल. डिकीतल्या सिलिंडरमुळे सामानाची जागा जाते, बर्फात टायरला लावायच्या साखळ्या वर हाताशी राहतील असं भरा.

बॅटरी आणि ऑइल

बॅटरी मारतं ते आपल्याकडचं ऊन. थंडी फक्त ते उघडकीला आणते. नागपूर-सोलापूरचे तीन उन्हाळे काढलेली बॅटरी घरी एका झटक्यात सेल्फ मारेल आणि काझात टकटक करून गप्प बसेल. उणे १८ च्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल ढवळायला जास्त ताकद लागते.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत हा आकडा खाली-वर होतो, तिथे दिवे-हीटर लावून बघा. तीन वर्षं उलटली असतील तर तपासणीत पास झाली तरी बदला.

बॅटरी भरलेली असेल तर तिचं ॲसिड उणे पन्नासलाही गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे सात-आठलाच गोठते, कारण तिच्यात जवळपास पाणीच उरलेलं असतं. म्हणून गाडी उभी असतानाही बॅटरी खाणारा डॅशकॅम रात्री काढून ठेवा. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर तिला जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची केबल) लावू नका, फुटू शकते. एरवी क्रम असा: लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. स्वस्त जंपर केबल बाहेरून जाड आणि आतून केसासारख्या असतात. तांब्याची जाड तार बघून घ्या.

टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करून घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन लावा.

ऑइलच्या डब्यावरचा डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीसाठी असतो. थंडीत सेल्फ मारण्याची चाचणी पाचला उणे ३० अंशांना, दहाला उणे २५ ला, पंधराला उणे २० ला आणि वीसला उणे १५ ला होते. आजच्या बहुतेक गाड्यांत शून्य किंवा पाचवालंच ऑइल असतं, त्यांना काही करायचं नाही. जुन्या डिझेल गाडीत १५डब्ल्यू-४० असेल आणि पुस्तक परवानगी देत असेल तर ५डब्ल्यू-४० टाका. डिझेल गाडीचे ग्लो प्लगही (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे) एकेक करून तपासा. चारातला एक मेला असेल तर पुण्यात पत्ता लागत नाही, उणे दहाला गाडी खोकत, पांढरा धूर सोडत सुरू होते किंवा होतच नाही.

टायर, हवा आणि साखळ्या

सात अंशांच्या खाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं. अस्सल हिवाळी टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असतं. भारतात ते सहज मिळत नाहीत आणि पंधरा दिवसांच्या सहलीसाठी घेणं परवडतही नाही. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं पुरेसं नाही, ती निर्मात्याने स्वतःच दिलेली पदवी आहे. आपल्या हातात आहे ती नक्षीची खोली. कायदा १.६ मिलिमीटरला थांबतो, बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर नेऊ नका. चारही सारखे हवेत, स्टेपनीसकट.

हवेबद्दल एक गंमत आहे. थंडीने दाब उतरतो, साधारण साडेपाच अंशांमागे एक पीएसआय, हे सगळे सांगतात. त्या हिशेबाने पुण्यात २८ अंशांना भरलेले ३३ पीएसआय उणे दहाला २६-२७ वर यायला हवेत. पण काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, तिथे बाहेरच्या हवेचाच दाब चार-साडेचार पीएसआयने कमी असतो, आणि गेज दाखवतो तो आतला आणि बाहेरचा यातला फरक. दोन्ही मिळून गेजवर दीड-दोन पीएसआयचीच घट दिसते. तेव्हा घरूनच पाच पीएसआय जास्त भरून निघू नका. स्वतःचा गेज आणि १२ व्होल्टचा छोटा पंप बाळगा, मुक्कामी सकाळी गार टायर मोजा आणि दाराच्या खांबावर लिहिलेला आकडा ठेवा. वाळूत हवा कमी करतात तशी बर्फाच्या रस्त्यावर करायची नाही.

साखळ्या टायरच्या मापानेच घ्या. टायरच्या बाजूच्या भिंतीवर २१५/६० आर १६ असं लिहिलेलं असतं, तो संपूर्ण आकडा दुकानदाराला सांगा. ‘एसयूव्हीला बसते’ असं म्हणत दिलेली साखळी सुटते आणि ब्रेकचा पाइप तोडते. काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शन यांच्यात साखळीला जागाच नसते. पुस्तकात मनाई असेल तर ती पाळा आणि कापडी टायर-सॉक्स बघा. ते थोड्या अंतराला बरे, उघड्या डांबरावर लवकर फाटतात.

साखळी ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना लावायची. आपल्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींची पुढची चाकं गाडी ओढतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांच्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये मागची ढकलतात. फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना लावणं उत्तम, एकच जोडी असेल तर पुस्तक सांगेल त्या बाजूला.

लावायची पद्धत: सपाट जागी, वाहतुकीपासून दूर थांबा. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. टायरच्या वरून टाका, आधी आतल्या बाजूची कडी अडकवा, मग बाहेरची, मग ताणायची दोरी. कड्यांची उघडी टोकं टायरकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला हवीत. पन्नास-शंभर मीटर पुढे जा, उतरा, पुन्हा ताणा. ही दुसरी ओढ विसरली की साखळी फेंडरवर आपटायला लागते. वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या आत. रस्ता काळा दिसू लागला की काढा. घरच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून तीनदा सराव करा, तिसऱ्यांदा दहा मिनिटांत जमायला हवं. उणे पाचला बोटं चालत नाहीत.

बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे, सोलंग आणि अटल बोगद्याच्या बाजूला, पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्याच गाड्या सोडतात. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाल्यापासून लाहौल हिवाळ्यातही गाठता येतो, आणि म्हणूनच तिथे गर्दी अडकते. डिसेंबर २०२४ मध्ये बोगद्याच्या रस्त्यावर हजारभर गाड्या अडकून पडल्या होत्या. रोहतांग आणि कुंझुम मात्र हिवाळ्यात बंदच असतात. काझाला जायचं तर किन्नौरकडूनच.

काचा, दारं, हँडब्रेक

वॉशरच्या टाकीतलं पाणी पूर्ण काढा, नोझलमधून फवारून संपवा. आपल्या दुकानांत मिळणारं वॉशर फ्लुइड बहुतेक साबणाचं असतं, न गोठणारं नसतं. रसायनांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, एक भाग अल्कोहोल आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. उणे दहा-बारापर्यंत हे चालतं. काझासाठी अल्कोहोल अर्ध्यावर न्या आणि मुक्कामी रात्री नोझलवर फडकं टाका. नवं मिश्रण भरल्यावर पुन्हा फवारा, नाहीतर बारीक नळ्यांत जुनं पाणी राहतं. कूलंट वॉशरमध्ये कधीच नको. काच चिकट होते, रंग खराब होतो, आणि ते गोड लागणारं विष आहे.

सकाळी गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतलं की काच तडकते. हीटर सुरू करा, प्लास्टिकच्या खरवडणीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने काढा. वायपर रात्री उचलून उभे ठेवा. चिकटलेले वायपर चालवले तर रबर फाटतं किंवा मोटरचा फ्यूज जातो. संध्याकाळी काचेवर पुठ्ठा किंवा जाड चादर टाकली तर यातलं निम्मं काम वाचतं.

आतून काच धुरकट होते ती माणसांच्या श्वासाने आणि पायपुशीवरच्या वितळलेल्या बर्फाने. बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू, गरम हवा काचेवर, आणि एसीही चालू, कारण तो हवा कोरडी करतो. शून्याच्या जवळपास एसीचा कॉम्प्रेसर चालत नाही, तेव्हा गरम हवेवर आणि थोड्या उघड्या खिडकीवर भागवा. रबरी पायपुसण्या घ्या, गालिचा पाणी धरून ठेवतो.

दारांच्या रबराला मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन फडक्याने चोळा, डिकीच्या रबरालाही. दार चिकटलंच तर ओढू नका, रबर सोलून निघतं. आधी बाहेरून दाबा, कडेचा बर्फ मोडतो, मग उघडा. किल्लीच्या रिमोटचा सेल नवा टाका, बहुतेकांत सीआर २०३२ असतो, आणि किल्ली आतल्या खिशात ठेवा.

हँडब्रेक रात्री ओढू नका. ओली केबल किंवा ब्रेकचे लायनर गोठले की सकाळी मागची चाकं जाम. सपाट जागा बघा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. ऑटोमॅटिकला पी आणि दगड. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक इंजिन बंद करताच आपोआप लागत असेल तर तो कसा थांबवायचा हे पुस्तकात घरीच वाचा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला, तेही हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर उकळतं.

बरोबर काय घ्यायचं आणि अडकलात तर

फावडं हवंच, बागेतलं छोटं चालेल. दोन गोणपाटं: चाक फिरत राहिलं की त्याखाली सारायला याहून चांगलं काही नाही. जाड टो दोर आणि बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूक. हा हूक जॅकच्या डब्यात असतो आणि पुष्कळांना तो कुठे बसतो तेच माहीत नसतं, एकदा बसवून बघा. डोक्यावरची टॉर्च, रबरी हातमोजे, माणशी एक ब्लँकेट, शेंगदाण्याची चिक्की, पिण्याचं पाणी (बाटल्या पूर्ण भरू नका). वर थंड भागात टाकी भरल्यावर इंधन अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

चाक जागीच फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. जितकं फिरवाल तितका खाली चकचकीत बर्फ तयार होतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनाची ताकद कापणारी यंत्रणा) बंद करा, स्टिअरिंग सरळ करा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. फोर बाय फोर निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्यांचे सारखेच. पातळ पारदर्शक बर्फ सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि झऱ्याचं पाणी रस्ता ओलांडतं तिथे धरतो. दुपारी चारनंतर आणि सकाळी ऊन रस्त्यावर पडेपर्यंत गाडी हलवूच नका.

अडकून रात्र काढावी लागली तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी उपसा. तो तुंबला की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो, त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं मेली, आणि अनेकांच्या बाबतीत हाच वायू कारण मानला गेला. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, जिकडून वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, एक जण जागा राहू द्या. इंजिन चालू ठेवून सगळ्यांनी झोपायचं नाही.

परत आल्यावर गाडी खालून धुवा, बर्फावर टाकलेलं मीठ आणि चिखल सांध्यांत बसलेला असतो. साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून पिशवीत ठेवा. नव्याने भरलेलं कूलंट काढू नका. निम्म्या प्रमाणाचं मिश्रण उन्हाळ्यातही पाण्यापेक्षा उशिरा उकळतं, त्यामुळे मे महिन्यात घाट चढताना ते कामीच येईल. फक्त कूलंटच्या टाकीवर एक चिकटपट्टी लावा आणि त्यावर कूलंटची जात, ५०:५० आणि तारीख लिहा. पुढच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी नळाची बाटली घेऊन येणारच आहे.